दूताचे नित्यकर्म आणि आपले वाङ्मय

विदुराघरच्या कण्यांची कथा आपल्याकडे लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. हस्तिनापुरात शिष्टाईसाठी आलेल्या श्रीकृष्णाने दुर्योधनाच्या पंचपक्वान्नांकडे पाठ फिरवली आणि विदुराच्या घरी जाऊन कण्या गोड मानून घेतल्या, ही गोष्ट कीर्तनकार भक्तिमहिम्याची म्हणून सांगतात. आणि ती त्या अंगाने गोडही आहे. परंतु उद्योगपर्वात दुर्योधनाने 'आमचे अन्न का घेत नाही?' असे विचारल्यावर श्रीकृष्णाने पहिले कारण जे दिले आहे ते भक्तीचे नव्हे, कामाचे आहे. दूत आपले काम सिद्धीस गेल्यावर जेवतात आणि सत्कार घेतात, असा त्या उत्तराचा आशय आहे. प्रेमाची गोष्ट त्यानंतर येते. म्हणजे ज्या प्रसंगाला आपण भक्ताघरचे जेवण म्हणून ओळखतो, तो मुळात दूताच्या आचारधर्माचा प्रसंग आहे. काम आधी, पान नंतर.

आपल्या परंपरेने त्यातली भक्ती ठेवली आणि तो आचारधर्म मात्र गाळला. 'कृष्णशिष्टाई' हा शब्द मराठीत रुळला. पण शिष्टाई करणाऱ्याने उतरावे कोठे, जेवावे कोणाकडे, आधी कोणाला भेटावे आणि नंतर कोणाला, ही जी शिष्टाईची रोजची बाजू, ती मात्र आपल्या लक्षात राहिली नाही. लक्षात राहिले ते भर सभेतले विश्वरूपदर्शन. मला असे वाटते, की परदेशात आपल्या देशाचे काम करणाऱ्या माणसांविषयीचे वाङ्मय आजही याच चुकीच्या वाटेने चालले आहे. ते विश्वरूप सांगते आणि नित्यकर्म गाळते. या लेखात मी जी पाचसात पुस्तके आणि एक चित्रपट विचारात घेणार आहे, त्यांची पारख याच एका कसोटीवर करावी असा माझा विचार आहे.

दूताचे नित्यकर्म म्हणजे तरी काय? सर्वसामान्य समजूत अशी, की वकिलातीतला माणूस म्हणजे उंची सूट घालून मेजवान्यांना जाणारा आणि गोड बोलून काहीच न सांगणारा मनुष्य. वस्तुतः त्याच्या कामाची यादी छापील आहे. १९६१ साली व्हिएन्ना येथे राष्ट्राराष्ट्रांमध्ये जो करार झाला त्यात राजदूताची पाच कामे दिली आहेत : देशाचे प्रतिनिधित्व करणे, देशाच्या व नागरिकांच्या हिताचे रक्षण करणे, वाटाघाटी करणे, तेथील परिस्थिती कायदेशीर मार्गांनी जाणून घेऊन घरी कळवणे आणि मैत्री वाढवणे. दोनच वर्षांनी, १९६३ साली, तेथेच कॉन्सलच्या कामाविषयीचा दुसरा करार झाला. त्याची यादी मोठी आणि फार घरगुती आहे. पासपोर्ट व व्हिसा देणे, कागदपत्रे साक्षांकित करणे, जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणे, परदेशी मेलेल्या माणसाच्या मागे राहिलेल्या मालमत्तेची काळजी वाहणे, अज्ञान मुलांचे हित पाहणे, जहाजांची व खलाशांची विचारपूस करणे, आपला माणूस तुरुंगात असेल तर त्याला जाऊन भेटणे. गावच्या पाटीलकुलकर्ण्यांनी पूर्वी जी कामे केली, त्यांतली निम्मीअधिक कामे परमुलखात हाच मनुष्य करीत असतो.

आता या कामांतले कोणते काम वाङ्मयात आले आहे ते पाहू.

सरदार के. एम. पणिक्कर हे आपले चीनमधील पहिल्या पिढीतले राजदूत. १९४८ साली ते नानकिंगला गेले आणि राज्यक्रांतीनंतर पेकिंगला आपले राजदूत झाले. या काळाच्या आठवणींचे त्यांचे 'इन टू चायनाज' हे पुस्तक १९५५ साली निघाले. त्यातला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग १९५० च्या २ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीचा. पणिक्कर झोपले होते. चिनी परराष्ट्रखात्याचा अधिकारी दारी आला. साडेबाराच्या सुमारास त्यांना पंतप्रधान चाऊ एन-लाय यांच्यापुढे नेण्यात आले. अमेरिकन सैन्याने कोरियातील ३८वी समांतर रेषा ओलांडली तर चीन युद्धात उतरेल, हा निरोप चाऊंनी त्यांच्यामार्फत जगाला दिला. पणिक्करांनी तो त्वरित कळवला. पण अमेरिकेतील धुरिणांना पणिक्कर हे चीनकडे झुकलेले गृहस्थ वाटत होते, म्हणून निरोपाला महत्त्व मिळाले नाही. सैन्याने रेषा ओलांडली, १९ ऑक्टोबरला चिनी फौजा यालू नदी उतरून आल्या आणि युद्ध १९५३ च्या जुलैपर्यंत लांबले.

प्रसंग मोठा आहे यात शंका नाही, आणि पणिक्करांची लेखणी इतिहासकाराची असल्यामुळे तो रंगतोही. परंतु वाचून झाल्यावर माझ्या मनात एक प्रश्न राहतो. चाऊंनी हा निरोप पणिक्करांच्याच हाती का दिला? आणि ज्या माणसावर पेकिंगने इतका विश्वास टाकला, त्याच्यावर वॉशिंग्टनचा विश्वास का बसला नाही? मोठे राजकारण त्यामागे होतेच. तरी या दोन्ही प्रश्नांच्या उत्तराचा एक भाग त्या रात्रीच्या आधीच्या शेकडो दिवसांत आहे. भेटी, चहापाने, कळवलेल्या बातम्या, बरोबर ठरलेले आणि चुकलेले अंदाज यांतून दूताची पत तयार होते. आणि निरोपाचे मोल या पतीवर ठरते. पणिक्करांच्या पुस्तकात रात्र आहे; दिवसही आहेत, पण ते त्या रात्रीच्या उजेडात पाहिलेले. पुढे काय झाले हे लेखकाला ठाऊक आहे, म्हणून मागचे सगळे त्या एका रात्रीकडे चालत येते. आठवणींच्या पुस्तकाचा हा अंगभूत दोष आहे. ते निकाल कळल्यानंतर लिहिले जाते.

याच्या शेजारी के. पी. एस. मेनन यांचे 'द फ्लाइंग ट्रॉइका' ठेवून पाहावे. मेनन १९५२ ते १९६१ अशी नऊ वर्षे मॉस्कोत राजदूत होते आणि हे १९६३ साली निघालेले पुस्तक म्हणजे त्यांची त्या काळातली रोजनिशी आहे. त्यातही एक प्रसिद्ध भेट आहे. १७ फेब्रुवारी १९५३ रोजी मेनन क्रेमलिनमध्ये स्टॅलिनला भेटले. बोलता बोलता स्टॅलिन हातातल्या पेन्सिलीने कागदावर काही तरी गिरवीत होता. ते लांडगे होते. शेतकऱ्याला लांडग्याचे काय करावे हे बरोबर कळते, अशा अर्थाचे तो काही बोललाही. मेनन यांनी घरी येऊन हे टिपून ठेवले. पंधरवड्यानंतर, ५ मार्चला, स्टॅलिन मरण पावला; आणि बाहेरच्या जगातला बहुधा शेवटचा राजदूत म्हणून मेनन यांनी त्याला पाहिले होते, असे दिसून आले.

दोन्ही प्रसंग सारखेच ऐतिहासिक. पण मला दुसरा अधिक पटतो, आणि त्याचे कारण लेखनप्रकारात आहे. रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्याची बातमी नसते. कोणता दिवस मोठा ठरेल हे ठाऊक नसल्यामुळे त्याला सगळेच दिवस नीट पाहावे लागतात. मेनन यांना ती शेवटची भेट आहे असे कळले असते, तर त्यांनी स्टॅलिनच्या राजकारणावर चार पाने लिहिली असती आणि लांडगे कदाचित राहून गेले असते. कळले नव्हते म्हणूनच लांडगे आले. दूताचे काम मुळात पाहणे आणि कळवणे हे असेल, तर रोजनिशी हा त्याच्या कामाला सर्वांत जवळचा वाङ्मयप्रकार होय. मेनन यांच्या पुस्तकातही मेजवान्या आहेत, प्रवासवर्णने आहेत, कोठे कोठे स्वतःच्या चतुर वाक्यावर खूश होणेही आहे. तथापि त्यांचे डोळे उघडे आहेत, आणि वाचकाला त्या डोळ्यांनी पाहता येते.

आणि येथे आपण मराठी वाचकांनी थोडे थबकावे असे मला वाटते. कारण या जातीचे लेखन आपल्या भाषेत दोनअडीचशे वर्षांपूर्वीच भरघोस झालेले आहे. आज 'वकील' म्हटले की काळा कोट डोळ्यांपुढे येतो. पेशवाईत वकील म्हणजे दुसऱ्या दरबारी राहणारा आपला दूत. 'वकिलात' हा शब्द तो जुना अर्थ अजून सांभाळून आहे. दिल्लीच्या बादशाही दरबारात पेशव्यांची वकिली हिंगणे घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. हैदराबादेस निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे होते. या मंडळींची पत्रे पारसनीस, राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे, ग. ह. खरे अशा संशोधकांनी शोधून छापली. पारसनिसांचे 'दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे' किंवा भारत इतिहास संशोधक मंडळाने काढलेले हिंगणे दफ्तर ज्यांनी चाळले असेल, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

या पत्रांत मोठे राजकारण आहेच. परंतु त्याच्या बरोबरीने कोण कोणाच्या भेटीस गेला, कोणी कोणाला उठून ताजीम दिली आणि कोणी बसूनच राहिला, नजराण्यात काय दिले आणि वस्त्रे कसली मिळाली, कासीद किती दिवसांनी पोहोचला, हुंडी का अडली, बाजारात कोणती आवई उठली आहे, हे सारे त्याच गंभीरपणाने येते. लिहिणारा ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून सांगतो आणि डोळ्यांनी पाहिलेली पाहिलेली म्हणून. स्वतःचे मत वेगळे काढून शेवटी नम्रपणे धन्याच्या पायाशी ठेवतो. ही जी शिस्त आहे तिला मी गद्याची शिस्त म्हणतो. इतिहासकारांनी या पत्रांतून सनावळ्या आणि तहनामे वेचून घेतले. वाङ्मय म्हणून त्यांकडे फार थोड्यांनी पाहिले. निबंधमालेपासून मराठी गद्याचा प्रवास सांगताना आपण या वकिलांना दाराबाहेर उभे करतो, हे काही न्यायाचे नाही. पुढे काय होणार हे ठाऊक नसताना, दुसऱ्याच्या वतीने, दुसऱ्याच्या हितासाठी, खोटे न मिसळता लिहिणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

कौटिल्याने अर्थशास्त्रात दूतांचे तीन प्रकार सांगितले आहेत. सर्वाधिकार मिळालेला तो निसृष्टार्थ, मर्यादित अधिकाराचा तो परिमितार्थ, आणि केवळ लेख पोहोचवणारा तो शासनहर. पणिक्कर त्या रात्री शासनहर होते. पेशव्यांचे वकील बहुधा परिमितार्थ असत, आणि प्रसंग पडला की धन्याचे उत्तर येण्याची वाट न पाहता त्यांना निसृष्टार्थ व्हावे लागे. त्याच प्रकरणात कौटिल्याने दूताने परमुलखात मद्य वर्ज्य करावे, एकटे निजावे, आणि निरोप मिळेपर्यंत तेथेच राहावे असेही सांगितले आहे. राजनीतीच्या ग्रंथात झोपेचा नियम यावा, याचे नवे वाचकाला हसू येते. परंतु माणूस झोपेत बोलतो, हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच तो नियम लिहिला असणार. दूताचे नित्यकर्म हे राजकारणाहून निराळे नाही, ते राजकारणाचेच बारीक वाण आहे, हे त्या ग्रंथकाराने ओळखले होते.

हे वकील देशातच होते. पण आपल्यापैकी काही साता समुद्रांपलीकडेही गेले. १७८१ साली राघोबादादांचा वकील हणमंतराव, बरोबर दोन पारशी गृहस्थ घेऊन, इंग्लंडात पोहोचला होता. तेथे त्यांचे हाल झाले. एडमंड बर्क या थोर मनाच्या इंग्रज मुत्सद्द्याने त्यांना आपल्या घरी नेले आणि स्नानसंध्या व स्वयंपाक सोवळ्याने करता यावा म्हणून बागेतील काचघर मोकळे करून दिले. पुन्हा प्रश्न तोच : वकिलाने जेवावे कोठे? बर्कने पुढे हिंदुस्थानच्या बाजूने पार्लमेंटात जो लढा दिला तो सर्वांना माहीत आहे. त्या काचघरातल्या चुलीचा त्या लढ्याशी संबंध जोडण्याइतका मी धीट नाही. पण दूर देशचा माणूस हा माणूस आहे, हे एखाद्याला कळण्याचा मार्ग बहुधा असाच, चुलीवरून जातो.

त्यानंतर साठ वर्षांनी लंडनला गेले रंगो बापूजी गुप्ते. १८३९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना कंपनी सरकारने पदच्युत करून काशीला पाठवले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी विलायतेस गेले आणि १८५३ मध्ये परतले. या दोन सनांच्या मधली वर्षे मोजून पाहावीत. कंपनीच्या भागधारकांच्या सभा, अर्ज, छापील पत्रके, जॉर्ज टॉम्सनसारख्या गोऱ्या मित्रांच्या मदतीने उठवलेला आवाज, आणि प्रत्येक वेळी नकार. १८४७ साली महाराज काशीस वारले. १८४८ साली डलहौसीने सातारचे राज्यच खालसा केले. ज्याची वकिली करायची तो धनी उरला नाही, ज्या राज्यासाठी करायची ते राज्य उरले नाही, तरी हा मनुष्य आणखी पाच वर्षे लंडनच्या थंडीत टिकून होता. परतल्यावर सत्तावन्नच्या उठावात साताऱ्यास जी धरपकड झाली तीत त्यांच्या मुलाला देहान्त शासन झाले, आणि ते स्वतः बेपत्ता झाले ते कायमचे.

प्रबोधनकार ठाकरे यांनी १९४८ साली 'प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी' हा ग्रंथ लिहून या माणसाला मराठी वाचकांपुढे उभे केले. हे त्यांचे उपकार आहेत आणि ते मोठे आहेत. कागदपत्रांचा ढीग उपसून, विसरलेल्या माणसासाठी त्यांनी वकिलाचीच वकिली केली. तथापि टीकाकाराला आपले काम केले पाहिजे. ठाकऱ्यांची लेखणी ही वादाची लेखणी आहे. अन्याय करणारे कोण, दगा देणारे कोण, हे सांगताना ती पेटते. पेटलेल्या उजेडात माणसे एक तर काळी दिसतात नाही तर गोरी. रंगो बापूजींचे वीरपण त्यामुळे उठून दिसते, पण त्यांचे वाट पाहणे तेवढे दिसत नाही. एक अर्ज नामंजूर झाल्यावर दुसरा लिहायला बसण्यापूर्वीचा तो दिवस कसा गेला असेल? परकी भाषा, महागाई, घराकडून येणारे महिनोन्‌महिने जुने पत्र, आणि आपल्याच सहकाऱ्यांचे चळणारे धैर्य. चौदा वर्षांच्या वकिलीत लढाईचे दिवस थोडे आणि वाट पाहण्याचे फार. वीराचे चरित्र आपल्याला मिळाले. वकिलाचे अजून मिळायचे आहे. एखाद्या तरुण कादंबरीकाराने ते अंगावर घ्यावे.

आता थोडे आपल्या भाषेबाहेर जाऊ. चिली देशाचा कवी पाब्लो नेरूदा १९२७ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, आपल्या शेजारी रंगूनला कॉन्सल म्हणून आला. त्याच्या आठवणींचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९७४ मध्ये निघाले. त्यात या नोकरीचे वर्णन मोठे मार्मिक आहे. तीन महिन्यांतून एकदा कलकत्त्याहून चिलीकडे मेण आणि चहाची खोकी घेऊन जाणारे जहाज येई; तेव्हा कागदांवर घाईघाईने सह्या करायच्या आणि शिक्के मारायचे. मग पुन्हा तीन महिने काही नाही. कवीला हे काम निरर्थक वाटले, आणि त्याने तसे लिहिले. पण बारा वर्षांनी, १९३९ साली, स्पेनमधील यादवीत हरलेली माणसे फ्रान्सच्या छावण्यांत खितपत पडली होती, तेव्हा हाच नेरूदा खास कॉन्सल म्हणून पॅरिसला गेला आणि 'विनिपेग' नावाच्या जहाजात दोन हजारांहून अधिक निर्वासित बसवून त्याने चिलीला पाठवले. शिक्का तोच, सही तीच, याद्याही तशाच. फरक एवढाच, की पहिल्या जहाजात चहा होता आणि दुसऱ्यात माणसे. नेरूदाला दुसऱ्या जहाजाचा सार्थ अभिमान होता. पण या दोन जहाजांचे नाते त्याने जोडून दाखवले नाही, आणि माझ्या मते त्या पुस्तकातली ही एक हुकलेली संधी आहे.

ते नाते दाखवले आहे एका जपानी गृहिणीने. १९४० च्या उन्हाळ्यात लिथुआनियातील कौनास शहरी चिउने सुगिहारा हा जपानचा कॉन्सल होता. पोलंडमधून पळून आलेले ज्यू त्याच्या दाराशी जमले. जपानमार्गे जाण्याचा व्हिसा मिळाला तर ते वाचणार होते. टोकियोने परवानगी नाकारली. सुगिहाराने हाताने व्हिसा लिहायला सुरुवात केली आणि काही आठवडे तो लिहीतच राहिला. त्याच्या यादीत दोन हजारांहून अधिक नावे आहेत, आणि एकेका व्हिशावर कुटुंबेच्या कुटुंबे निसटली. १९८४ साली इस्रायलने त्याचा गौरव केला. १९९० साली त्याची पत्नी युकिको हिने आठवणी लिहिल्या. तिच्या सांगण्यात धर्मयुद्धाचा आव नाही. दिवसभर लिहून आखडलेला नवऱ्याचा हात संध्याकाळी चोळून देणारी बायको त्यात आहे. कुंपणाशी उभी असलेली माणसे पाहून मुलांनी विचारलेले प्रश्न आहेत. जगातल्या सर्वांत कंटाळवाण्या कामांपैकी एक म्हणजे एकच मजकूर शेकडो वेळा लिहिणे. आणि तेच काम येथे पुण्यकर्म झाले. ते सांगायला घरातले माणूस लागले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. नित्यकर्म कसे असते हे घरच्या माणसालाच नीट ठाऊक असते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण आपल्या बहुतेक वाचकांनी पाहिले असेल. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळला तेव्हा तेथे आपली पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे होती. त्यांत केरळचे पुष्कळ, तसे आपले मुंबईकोकणचेही होते. बसमधून इराक ओलांडून जॉर्डनच्या अम्मानपर्यंत ती आली, आणि तेथून एअर इंडियाने सुमारे दोन महिन्यांत ४८८ उड्डाणे करून एक लाखाहून अधिक माणसे मुंबईला उतरवली. या घटनेवर २०१६ साली 'एअरलिफ्ट' हा हिंदी चित्रपट निघाला व खूप चालला. चित्रपट म्हणून तो बांधेसूद आहे. शेवटी तिरंगा चढतो तेव्हा गळा दाटून येतो हेही खरे. पण त्यात हे सारे एका धनिक व्यापाऱ्याच्या जिद्दीने घडते, आणि परराष्ट्रखाते म्हणजे धूळ खाणाऱ्या फायलींची खोली ठरते. परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनी तेव्हाच चित्रपट तथ्यांच्या बाबतीत तोकडा असल्याचे सांगितले होते.

माझी तक्रार मंत्रालयाच्या तक्रारीहून निराळी आहे. कुवेतमध्ये स्थानिक भारतीयांनी मोठे काम केले, त्याचे श्रेय त्यांना मिळालेच पाहिजे. सरकारी माणसांचे कौतुक झाले नाही याचेही मला दुःख नाही. मला दुःख आहे ते गोष्ट हुकल्याचे. ज्याचा पासपोर्ट मालकाकडे किंवा बंद कचेरीत अडकला आहे त्याला तो भारतीय आहे असा कागद कोणी व कशावरून द्यायचा? आज कोणती बस, उद्या कोणते विमान, आधी बायकामुले की आजारी? बगदाद, अम्मान, दिल्ली, मुंबई अशा चार ठिकाणी या प्रश्नांची उत्तरे रोज कोणी तरी देत होते, आणि रोज चुकण्याचा धोका पत्करत होते. यात नाट्य नाही असे कोण म्हणेल? त्या चित्रपटातले मला सर्वांत आवडलेले पात्र दिल्लीच्या कचेरीतला तो संथ अधिकारी आहे, जो हळूहळू जागा होतो आणि टेबलावरूनच वाट काढू लागतो. चित्रपट त्याला मधून मधून भेटतो आणि पुन्हा नायकाकडे धावतो. तो तेथेच थांबला असता तर आपल्याला एक नवी जातच पाहायला मिळाली असती.

कोणी म्हणेल, की अहो, वाङ्मय म्हणजे निवड. रोजचा कंटाळा वाचकाने का वाचावा? शिवाय सरकारी माणसाला गुप्ततेची शपथ असते, त्याने काय काय सांगावे? दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. परंतु कंटाळवाणा विषय नसतो, सांगणे कंटाळवाणे असते. आपल्याच साहित्यात शाळामास्तरांच्या, कारकुनांच्या, पोस्टमनच्या आयुष्यावर उत्तम कथा झाल्या आहेत. आणि गुप्ततेचे म्हणाल, तर तहाची कलमे गुप्त असतात. परदेशी मेलेल्या मजुराच्या आईला पत्र कसे लिहावे, यात राज्याचे गुपित काही नाही. नावे वगळली की पुरे.

हा केवळ वाङ्मयीन हट्ट नव्हे. रत्नागिरी, खेड, चिपळूण, श्रीवर्धन या बाजूच्या गावांत आखातात माणूस असलेली घरे थोडीथोडकी नाहीत. अशा घरातला एखादा कामावर मेला, तर त्याला घरी आणायला मृत्यूचा दाखला, पोलिसांचे पत्र, पासपोर्ट रद्द केल्याची नोंद, वकिलातीचे ना-हरकत पत्र, इतके कागद लागतात. ते जुळवणारा एक मनुष्य तिकडे वकिलातीत असतो. तो चांगला असला तर शव चार दिवसांत येते. उदासीन असला तर घरचे लोक आठवडेच्या आठवडे फोनपाशी बसतात. २०१९ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात, कैदेत असलेल्या माणसाला आपल्या देशाच्या कॉन्सलची भेट नाकारून पाकिस्तानने १९६३ च्या कराराचा भंग केला, असा निर्णय दिला. एका साध्या भेटीचे मोल किती, हे त्या निकालाने सर्वांना दाखवले. पण ज्या समाजाच्या वाङ्मयात या कामाचे चित्रच नाही, तो समाज त्या माणसाला जाब कसा विचारणार? आणि त्याने काम चांगले केले तर शाबासकी तरी कशी देणार? आपण वीरांची वाट पाहत बसतो, आणि खिडकीपलीकडचा कारकून चांगला की वाईट हे नशिबावर सोडतो.

मराठीत ज्ञानेश्वर मुळे यांच्या 'माती, पंख आणि आकाश'सारखे आत्मकथन आहे. अब्दुल लाटसारख्या गावातून निघालेला मुलगा परराष्ट्रसेवेत कसा पोहोचला, याची ती कहाणी अनेक तरुणांना धीर देऊन गेली. त्या वाटेने आता खेड्यापाड्यांतली मुलेमुली जात आहेत. त्यांच्यापैकी कोणी तरी एक वर्षाची रोजनिशी लिहावी. त्यात राष्ट्राध्यक्षांची भेट आली तर येऊ द्यावी. पण खिडकीपाशी आलेला, फॉर्म भरता न येणारा खलाशी आधी यावा. नाताळच्या सुट्टीत तुरुंगातल्या कैद्याला भेटायला गेलेला दिवस यावा. दिवाळीत वकिलातीच्या हॉलमध्ये परमुलखातल्या मराठी बायकांनी मिळेल त्या पिठाच्या केलेल्या चकल्या याव्यात, त्या का बिघडल्या तेही यावे. हिंगण्यांचे कासीद आणि काळ्यांची पत्रे ज्या भाषेत धावली, त्या भाषेला हे अवघड जाऊ नये. असे पुस्तक निघाले तर पुढच्या एखाद्या दिवाळीत मी त्यावर आनंदाने लिहीन.